फ्लॅटमध्ये जोडायचं, माळावर उडवायचं: मोठ्या पेट्रोल आरसी विमानाची जोडणी आणि तयारी

सव्वादोन मीटरच्या आसपास पंख, ५० ते ६० सीसीचं टू-स्ट्रोक पेट्रोल इंजिन, तयार वजन सात ते आठ किलो. खालची सगळी मापं अशा, जवळजवळ तयार किटमधून जोडायच्या आरसी, म्हणजे रिमोटवर उडणाऱ्या, विमानाची आहेत. ३० सीसीच्या विमानाला आकडे थोडे खाली येतील, पद्धत तीच राहील.

मुंबईत मात्र एक भर पडते. वन-बीएचकेमध्ये हे विमान अख्खं कधी उभंच राहत नाही. पंख कपाटामागे, शेपूट पलंगाखाली आणि उडवायची जागा साठ-सत्तर किलोमीटरवर. म्हणजे दर खेपेला सोडवायचं, खड्ड्यांतून न्यायचं आणि माळावर पुन्हा जोडायचं. तेव्हा घरी गोंद लावताना किंवा वायर कापताना विचार हाच करायचा, की हा सांधा पहाटेच्या घाईत चुकीचा जोडला जाऊ शकतो का? जाऊ शकत असेल तर तो आत्ताच बदला.

आधी जागेचं बघा

किट मागवण्याआधी नकाशा उघडा. मुख्य विमानतळ, जुहू एरोड्रोम, कुलाब्याचा नौदलाचा हेलिकॉप्टर तळ, ट्रॉम्बेचं बीएआरसी (भाभा अणुसंशोधन केंद्र) आणि आता नवी मुंबईचा विमानतळ, इतकं सगळं एका शहरात आहे. शिवाय मुंबई पोलीस ड्रोन, पॅराग्लायडर, रिमोटवरची मायक्रोलाइट विमानं यांच्यावर वेळोवेळी मनाईचे आदेश काढतात आणि मुदत संपली की बहुधा नवा आदेश येतो. त्यामुळे गोराईचा किनारा, आरे, शाळेचं मैदान हे सगळं डोक्यातून काढून टाका. पनवेलच्या बाजूचं माळरानही आता जपूनच.

ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २ ते २५ किलोचं यान ‘स्मॉल’ वर्गात येतं. नजरेच्या टप्प्यात उडवायच्या हौशी मॉडेलला टाइप सर्टिफिकेट (रचनेचं सरकारी प्रमाणपत्र) लागत नाही, पण नोंदणी क्रमांक लागतो. पायलटच्या प्रमाणपत्रातून सूट आहे ती नॅनोला (२५० ग्रॅमपर्यंत) आणि बिगर-व्यावसायिक मायक्रोला (२ किलोपर्यंत), या मापाला नाही. हिरव्या पट्ट्यात (सरकारी ड्रोन नकाशावर वेगळी परवानगी न घेता उडवता येतं त्या भागात) ४०० फुटांची मर्यादा, विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांची. कर्जत, मुरबाड, शहापूर भागात जागा मिळाली तरी नकाशावर पट्टा तपासा, जमीनमालकाची परवानगी घ्या आणि स्थानिक पोलीस ठाण्यात कळवून ठेवा. या तिन्ही गोष्टी झाल्याशिवाय पुढचा खर्च करू नका.

बिजागऱ्या आणि सर्वो

जोडणीला पावसाळा उत्तम, कारण तेव्हा माळावर चिखलच असतो. फक्त दमट हवेचे दोन त्रास सांभाळा. फेव्हिक्विकच्या जातीचा गोंद दमट हवेत झटकन धरतो, पांढरी बुरशीसारखी साय सोडतो आणि उघडी बाटली लवकर वाया जाते, म्हणून ती सिलिका जेलसोबत घट्ट डब्यात ठेवा. आणि फिल्मचं कव्हरिंग ढिलं पडून सुरकुततं. कडा आधी साधारण १०० ते ११० अंशांवर नीट चिकटवून मगच जास्त उष्णतेने मधला भाग ताणा. उलट केलंत तर कडाच सुटतील.

या आकाराच्या विमानाला कागदी सीए (फेव्हिक्विकसारख्या गोंदाने चिकटणाऱ्या) बिजागऱ्या चालत नाहीत. नायलॉनची, पिन असलेली बिजागरी घ्या, एका एलेरॉनला (पंखाच्या मागच्या कडेचा हलता भाग) चार ते पाच. नायलॉनला गोंद धरत नाही म्हणून दोन्ही पाय जाड पॉलिश पेपरने खरखरीत करा. मधल्या गाठीवर टूथपिकच्या टोकाने व्हॅसलिन लावा. नुसता हात फिरवल्यासारखं नाही, पिनच्या दोन्ही बाजूंच्या फटीत ते भरलं पाहिजे. मग तीस मिनिटांचं इपॉक्सी किंवा साधं अराल्डाइट भोकात सोडा, बिजागरीच्या पायालाही लावा आणि गाठ बरोबर कडेच्या मध्यरेषेवर येईल इतकी आत ढकला. बाहेर आलेला गोंद स्पिरिटच्या बोळ्याने लगेच पुसा. लगेच एलेरॉन पूर्ण वर, पूर्ण खाली करून बघा. कुठे अडत असेल तर गाठी एका रेषेत नाहीत, आणि ते सुधारायची वेळ हीच. पाच मिनिटांच्या इपॉक्सीचा मोह टाळा. पाचवी बिजागरी बसवेपर्यंत पहिलीचं दगड झालेलं असतं. रात्रभर ठेवून दुसऱ्या दिवशी प्रत्येक बिजागरीजवळ धरून जोरात ओढा. निघायचीच असेल तर टेबलावर निघू दे.

पंख आणि एलेरॉन यांमधली फट पारदर्शक टेपने किंवा कव्हरिंगच्या पट्टीने खालच्या बाजूने बंद करा. उघड्या फटीमुळे एलेरॉनचा जोर कमी होतो आणि वेगात फडफड सुरू व्हायला मदत होते. ही फडफड, म्हणजे फ्लटर, मोठ्या विमानाचा सगळ्यात झटपट मारेकरी. भर्र असा आवाज येतो आणि दोन सेकंदांत सर्वोचे (हे भाग हलवणाऱ्या छोट्या मोटरचे) गिअर नाहीतर अख्खा एलेरॉन जातो. आवाज ऐकला की थ्रॉटल शून्यावर आणि नाक हळू वर, दुसरं काही सुचवून घ्यायचं नाही.

फ्लटरचं मूळ बहुतेक वेळा लिंकेजच्या, म्हणजे सर्वो आणि हलता भाग यांच्यामधल्या जोडणीच्या, ढिलाईत असतं. एलेरॉन आणि एलेव्हेटरला (शेपटीचा आडवा हलता भाग) प्रत्येकी २० किलो-सेंटिमीटरच्या वरचा, मेटल गिअरचा डिजिटल सर्वो घ्या, रडरला (शेपटीचा उभा हलता भाग) ३० च्या वरचा. एलेव्हेटरच्या दोन भागांना दोन वेगळे सर्वो. आर्म अ‍ॅल्युमिनियमचा, पुशरॉड (सर्वोवरच्या आर्मपासून हलत्या भागावरच्या हॉर्नपर्यंतची सळी) ३ मिलिमीटरचा, दोन्ही टोकांना बॉल लिंक आणि आरपार बोल्टवर नायलॉक नट. सर्वो मध्यावर असताना आर्म पुशरॉडशी काटकोनात हवा. तो ट्रान्समीटरच्या सब-ट्रिमने (सर्वोचा मध्य सरकवणाऱ्या सेटिंगने) ओढून काटकोनात आणू नका. आर्म काढून एक दात फिरवून बसवा, उरलेलं थोडंसं सब-ट्रिमने. हालचाल जास्त होते म्हणून रेडिओत प्रवास ५० टक्क्यांवर आणणंही चूक आहे. त्याने सर्वोचा अर्धा जोर आणि बारकावा फुकट जातो. त्याऐवजी आर्मवर आतलं भोक वापरा, हॉर्नवर बाहेरचं, आणि प्रवास १०० च्या आसपास ठेवा.

सगळं बसल्यावर सर्वो चालू असताना एलेरॉनचं मागचं टोक बोटांत धरून हलवा. एक मिलिमीटरपेक्षा जास्त खेळ जाणवला तर तो कुठून येतो ते शोधा: बॉल लिंक, आर्मचा स्क्रू, की सर्वोचे गिअर. धातूत धातू जाणाऱ्या प्रत्येक स्क्रूला निळं लॉकटाइट लावा. प्लॅस्टिकच्या जवळ ते नेऊ नका, प्लॅस्टिक तडकतं.

पहिल्या उड्डाणाला एलेरॉन आणि एलेव्हेटर १२ ते १५ अंश, रडर २५ च्या आसपास, एक्स्पो (मध्याजवळ कांडीचा परिणाम सौम्य करणारी सेटिंग) २५ ते ३० टक्के. कोनमापक नसेल तर पट्टीने मोजा: बिजागरीपासून मागच्या कडेपर्यंत १० सेंटिमीटर असतील तर १५ अंश म्हणजे टोकाला २६ मिलिमीटर, १२ अंश म्हणजे २१.

टाकी आणि नळ्या

इंजिन बंद पडण्याची बरीचशी कारणं टाकी आणि कार्ब्युरेटर यांच्यामधल्या तीस सेंटिमीटरमध्ये सापडतात. सिलिकॉनची नळी ग्लो इंधनाची (मिथेनॉलवरच्या मॉडेल इंजिनांची) आहे. पेट्रोलमध्ये ती फुगते आणि सटकते. पेट्रोलला टिकणारी टायगॉन नळी घ्या आणि टाकीचं बूचही पेट्रोलचंच हवं. पितळी नळीच्या टोकाला सोल्डरचं बारीक कडं करा, त्यावर टायगॉन चढवा आणि बारीक केबल टायने आवळा.

६०० मिलिलिटरच्या आसपासची टाकी पुरते. आतलं वजन, म्हणजे क्लंक, टाकीच्या मागच्या भिंतीपासून ६ ते १० मिलिमीटर अलीकडे थांबलं पाहिजे. भिंतीला चिकटलं तर नाक वर करताच पुरवठा तुटतो. हवेची नळी टाकीच्या वरून एक वळसा घालून मग पोटाखाली सोडा, नाहीतर गाडीत विमान तिरकं झालं की पेट्रोल सायफनने बाहेर. बसवण्याआधी दोन नळ्या बोटाने बंद करून तिसरीतून, म्हणजे भरायच्या नळीतून, फुंका आणि टाकी बादलीत बुडवा. बुडबुडा आला तर बूच पुन्हा आवळा. फायरवॉलवर (इंजिन बसतं त्या पुढच्या प्लायवूडवर) पातळ केलेलं इपॉक्सी ब्रशने लावा, प्लायवूडमध्ये तेल मुरलं की इंजिनाचे बोल्ट कधीच घट्ट राहत नाहीत.

इथे पंपावर जे मिळतं ते ई-२० असतं. त्यातलं इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि मुंबईच्या हवेत पाण्याची कमी नाही. उभं राहिलेलं इंधन कार्ब्युरेटरचा पडदा कडक करतं, नळ्या ताठ करतं. म्हणून मिश्रण ताजं करा आणि त्याच दिवशी संपवा. एका लिटरला ३१ मिलिलिटर सिंथेटिक टू-स्ट्रोक तेल म्हणजे ३२ ला १, आणि २५ मिलिलिटर म्हणजे ४० ला १. इंजिनाच्या पुस्तिकेत असेल ते प्रमाण धरा. पेट्रोल घरी साठवायचं नाही आणि लोकलमधून तर न्यायचंच नाही, तो गुन्हा आहे. धातूचा कॅन रिकामा न्या आणि माळाजवळच्या पंपावर भरा. प्लॅस्टिकच्या बाटलीत देत नाहीत, द्यायलाही नको.

इंजिन, इग्निशन, वीज

इंजिन किटमध्ये दिलेल्या स्टँडऑफवर (अंतर राखणाऱ्या नळकांड्यांवर), मागे रुंद वायसर देऊन. बोल्ट, स्प्रिंग वायसर, नायलॉक असली किरकोळ खरेदी नागदेवी स्ट्रीटवर एका फेरीत होते; कनेक्टर, सिलिकॉन वायर, हीट श्रिंक लॅमिंग्टन रोडवर. बोल्टच्या डोक्यावरचा दर्जाचा आकडा बघून घ्या. इंजिनाला ८.८ च्या खालचा बोल्ट नको.

इग्निशनचा डबा, त्याची बॅटरी आणि वायर रिसीव्हरपासून किमान ३० सेंटिमीटर लांब. थ्रॉटलचा रॉड नायलॉनचा घ्या. धातूचा असेल तर इंजिनातला विद्युत गोंगाट त्याच वाटेने सर्वोपर्यंत येतो. इग्निशन बंद करायचे दोन स्वतंत्र मार्ग हवेतच: बाहेरून हाताने दाबायचा स्विच आणि ट्रान्समीटरवरून चालणारा ऑप्टिकल कट-ऑफ. कट-ऑफचा एलईडी बाहेरून दिसेल असा लावा. इंजिन सुरू करतानाची वेळ सोडली तर तो विझलेला दिसल्याशिवाय प्रॉपला (पुढच्या पंख्याला) हात नाही, आणि विझलेला असला तरी प्रॉप चालूच आहे असं समजून हात.

रिसीव्हरला दोन बॅटऱ्या, दोन स्विच, दोन वेगळे प्लग. एक स्विच किंवा एक सोल्डर गेला तरी दुसरी बाजू विमान खाली आणते. २५०० ते ३००० एमएएचच्या दोन लाइफ (लिथियम-आयर्न-फॉस्फेट) बॅटऱ्या या मापाला पुरतात. लाइफचा एक फसवा गुण लक्षात ठेवा: ती शेवटपर्यंत ६.६ व्होल्ट दाखवते आणि मग एकदम कोसळते. म्हणून व्होल्टमीटरवर विसंबू नका. प्रत्येक उड्डाणानंतर चार्जरने किती एमएएच परत भरले ते वहीत लिहा. एका उड्डाणाला ४०० लागत असतील तर दोन बॅटऱ्यांवर किती उड्डाणं करायची याचा हिशोब सरळ होतो. निम्म्या क्षमतेच्या पलीकडे जायचं नाही. लायपो (लिथियम-पॉलिमर) असेल तर सेलला ३.७ व्होल्टच्या खाली उड्डाण नाही.

पंखातून येणाऱ्या वायरींना रंगीत टेप लावा: डावीकडे लाल, उजवीकडे हिरवी, नर-मादी दोन्ही टोकांना. डाव्या-उजव्याचा प्लग उलट बसणं ही माळावर पुन्हा पुन्हा होणारी चूक आहे. प्रत्येक जोडावर प्लॅस्टिकची कुलूप-क्लिप लावा. प्लग नुसता घट्ट आहे एवढ्यावर भागत नाही.

तोल

तोल टाकी रिकामी ठेवून बघायचा, कारण उतरताना विमान त्याच अवस्थेत असतं. पुस्तिकेत जागा दिलेली असते, तरी स्वतः काढून पडताळा. पंखाची मुळाशी रुंदी ४६ सेंटिमीटर आणि टोकाला २६ असेल तर बेरीज ७२, गुणाकार ११९६. गुणाकाराला बेरजेने भागा: १६.६. तो ७२ मधून वजा करा: ५५.४. त्याचे दोन-तृतीयांश, म्हणजे सुमारे ३७ सेंटिमीटर, ही सरासरी रुंदी. तिच्या पुढच्या कडेपासून २५ ते ३० टक्क्यांत, म्हणजे ९.२ ते ११.१ सेंटिमीटरवर तोल हवा. लक्षात ठेवा, हे अंतर सरासरी रुंदी जिथे पडते त्या जागी मोजायचं, मुळाशी नाही. पंख मागे झुकलेला असेल तर मुळाशी मोजल्याने तोल चुकीच्या ठिकाणी जातो.

पहिल्या उड्डाणाला २५ च्या बाजूला राहा. नाक जड असलेलं विमान आळशी वाटतं. शेपूट जड असलेलं हातात येतच नाही. सुधारायला आधी बॅटऱ्या पुढे-मागे करा, शिसं शेवटी. फ्लॅटमध्ये पंख लावून तोल बघायला जागा नसेल तर गच्ची, पण वारा नसताना आणि दोन माणसांनी. आणि हो, फ्युजलाज (विमानाचं धड) लिफ्टमध्ये तिरकं बसतं का हे किट मागवण्याआधीच मोजा.

माळावर

निघताना पंख कापडी पिशवीत, प्रॉप काढून वेगळा. सकाळी लवकर पोहोचा. समुद्राकडचा वारा दुपारकडे चढतो आणि नऊ-दहानंतर ऊन तापलं की घारी घिरट्या घालू लागतात. घार मॉडेलवर झडप घालते, तेव्हा त्या वर असताना उडवूच नये. संक्रांतीच्या आसपास गावाजवळ मांजाचंही बघा.

क्रम बदलू नका. आधी शेपटीचे दोन्ही भाग, त्यांचे बारीक स्क्रू, सर्वोचे प्लग. मग पंखांना जोडणारी कार्बन ट्यूब, डावा पंख, प्लग आणि क्लिप, बोल्ट, मग उजवा. पंखाचे बोल्ट आतून बोटांनी घट्ट होतील तेवढे आणि वर पाव फेरा. त्याहून जास्त पिळलंत तर मुळाशी प्लायवूड चेपतं. बोल्ट पूर्ण बसल्यावर पंखाचं टोक धरून हलवा. एकेक काम अर्धवट सोडून गप्पा मारायच्या नाहीत. कोणी बोलायला आलंच तर त्या भागाची तपासणी पुन्हा पहिल्यापासून.

प्रॉपचे चार बोल्ट समोरासमोर, थोडे थोडे आवळा. लाकडी प्रॉप पावसाळ्यात ओल धरून फुगतो आणि नोव्हेंबरमध्ये सुकून आक्रसतो. जुलैत घट्ट केलेला बोल्ट दिवाळीनंतर ढिला मिळतो तो यामुळेच. पहिल्या दोन उड्डाणांनंतर तो पुन्हा तपासा. प्रॉपच्या कडेला नख फिरवा. नख अडकलं, तडा दिसला, तर तो प्रॉप तिथेच मोडून टाका, म्हणजे कोणी चुकून लावणार नाही. ५० ते ६० सीसीला २२×८ किंवा २३×८ (इंचांत व्यास × पिच), पण इंजिनाची पुस्तिका अंतिम.

इंजिन बंद ठेवून मागे उभे राहा. ट्रान्समीटरची कांडी उजवीकडे, तर उजवा एलेरॉन वर. कांडी आपल्याकडे, तर एलेव्हेटर वर. रडर उजवीकडे, तर उजवीकडे. ‘हलतंय’ एवढं पुरत नाही. दिशा मोठ्याने बोला, मदतनीसाने दुजोरा द्यावा. मग रेंज चेक मोड (ट्रान्समीटरची ताकद कमी करणारा) लावून ३० मीटर लांब जा, मदतनीस विमानाजवळ. अँटेनाची दोन टोकं काटकोनात आणि कार्बन ट्यूबपासून दूर हवीत. एकही झटका दिसला तर उड्डाण नाही. शेवटी ट्रान्समीटर बंद करून फेलसेफ (सिग्नल तुटल्यावर आपोआप होणारी कृती) बघा: थ्रॉटल बंद व्हायला हवा आणि इग्निशनचा एलईडी विझायला हवा. रेंज चेक पुन्हा एकदा, इंजिन चालू असताना करायचा आहे, इग्निशनचा गोंगाट तेव्हाच पकडला जातो.

सुरू करताना मदतनीस शेपटीजवळ, विमान धरून. शेपटीला खुंटीचा दोरही बांधा. प्रॉपच्या फिरण्याच्या पातळीत आणि समोर कोणीच नको, कडेने फोनवर शूटिंग करणारेही नकोत. जाड चामडी हातमोजा, बाही गुंडाळलेली, गळ्यात ट्रान्समीटरचा पट्टा लोंबकळता नको. चोक बंद, थ्रॉटल खाली, इग्निशन चालू, आणि प्रॉप झटक्यात फिरवा. ‘फट्’ असा एक आवाज आला की थांबा. चोक उघडा, थ्रॉटल आयडलच्या किंचित वर, पुन्हा फिरवा. ‘फट्’ ऐकूनही चोक बंदच ठेवून फिरवत राहिलात तर इंजिन पेट्रोलने भरेल, मग प्लग काढून सुकवण्यात अर्धा तास.

नवं इंजिन कार्ब्युरेटरच्या दोन्ही सुया (लो आणि हाय) साधारण सव्वा ते दीड फेरा उघड्या ठेवून सुरू करा. एक मिनिट गरम होऊ द्या. सुयांना हात लावायचा तो इंजिन बंद करून, किमान प्रॉपच्या मागून. मग फुल थ्रॉटलला मदतनीसाच्या हातात नाक वर करून वीस सेकंद. आवाज पडला तर हाय सुई किंचित उघडा, कारण चढताना इंजिन उपाशी राहतंय.

उतरल्यावर

ट्रान्समीटर शेवटी बंद, रिसीव्हर आधी. टाकी उपसा आणि इंजिन सुरू करून कार्ब्युरेटर कोरडा होईपर्यंत चालवा. इंजिन निवल्यावर इंजिनाचे, मफलरचे आणि प्रॉपचे बोल्ट बघा. मफलरचे पहिले ढिले होतात. पिनांवर आणि पुशरॉडवर घरी आल्यावर मशीन ऑइलचा बोळा फिरवा, खाऱ्या हवेत त्यावर आठवड्यात गंज येतो. बॅटऱ्यांत किती एमएएच भरले ते वहीत लिहा. लायपो महिनाभर ठेवायची असेल तर सेलला ३.८ व्होल्टवर आणून धातूच्या डब्यात, सावलीच्या भिंतीला. गॅलरीतल्या उन्हात नको आणि गादीखाली तर नाहीच.